तापणारा दर्या

उर्दूत दरिया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण अर्थ निराळा. जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. येथील मुलांना कुकडी, मीना आणि घोड या नद्या रोज दिसतात. मराठीतला दर्या मात्र त्यांच्यापासून दूर आहे. तो घाटाखाली, कोकणाच्या पलीकडे आहे. मग समुद्राशी आपला काय संबंध, असे एखादा मुलगा विचारील.

संबंध फार जुना आहे. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात येत असे. त्याहूनही जुना संबंध पावसाचा आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे पाण्याची वाफ घेऊन सह्याद्रीला धडकतात. डोंगर चढताना ती वाफ थंड होते आणि भीमाशंकरच्या रानात, नाणेघाटाच्या माथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. हेच पाणी माणिकडोह आणि डिंभे या धरणांत साठते. या वाऱ्यांना आपण मोसमी वारे म्हणतो. अरबी भाषेत ऋतूला 'मौसिम' म्हणतात. 'मोसमी' आणि 'मान्सून' हे दोन्ही शब्द त्यावरूनच आले आहेत.

म्हणजे समुद्रात काही बदल झाला, तर त्याचा परिणाम आपल्या शेतापर्यंत येणारच. असा बदल होत आहे काय? या प्रश्नाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात चालतो. पुणे शहरातील पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तेथे डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल हे शास्त्रज्ञ काम करतात. ते मूळचे केरळचे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. २०२४ साली त्यांना राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांपैकी विज्ञान युवा पुरस्कार मिळाला.

डॉ. कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या तापमानाच्या जुन्या नोंदी तपासल्या. २०१४ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे उन्हाळ्यातील तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले होते. आपला अरबी समुद्र याच पश्चिम भागात येतो.

१.२ अंश ही वाढ ऐकायला थोडी वाटते. पण एक हंडा पाणी तापवायला किती लाकडे लागतात ते आठवा. मग एवढा मोठा समुद्र तापायला किती उष्णता लागली असेल! ही उष्णता कोठून आली? कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो. तो पृथ्वीवरची उष्णता अडवून धरतो. अशा अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो.

आता समुद्रातील जीवांकडे वळू. जमिनीवर जसे गवत, तसे समुद्रात वनस्पतिप्लवक असतात. हे जीव इतके बारीक असतात की सूक्ष्मदर्शकाशिवाय ते दिसत नाहीत. पाण्याबरोबर ते तरंगत राहतात. सूर्यप्रकाशात ते आपले अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. जवळा हे बारीक प्लवक खातो. बोंबील जवळा खातो. मंचर किंवा घोडेगावच्या बाजारातून सुका बोंबील आपल्या ताटात येतो. या साखळीची पहिली कडी म्हणजे वनस्पतिप्लवक.

पिकाला जसे ऊन आणि खत दोन्ही लागते, तसेच प्लवकांनाही लागते. ऊन वरून मिळते, पण खत म्हणजे पोषक क्षार खोल पाण्यात असतात. पावसाळ्यातील जोरदार वारे सोमालिया आणि ओमान या देशांच्या किनाऱ्यावरचे पाणी दूर ढकलतात. त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते आणि क्षारही वर आणते.

समुद्र तापला की येथेच अडचण होते. बादलीत थंड पाणी घ्या आणि त्यावर हलक्या हाताने गरम पाणी ओता. गरम पाणी हलके असल्याने वरच राहते. हाताने ढवळल्याशिवाय दोन्ही नीट मिसळत नाहीत. तापलेल्या समुद्राचेही तसेच होते. वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. खालचे क्षार वर येत नाहीत आणि प्लवकांची उपासमार होते.

पण हे सिद्ध कसे करायचे? प्लवकांत हरितद्रव्य असते. त्यामुळे समुद्राचा रंग किंचित हिरवट होतो आणि तो उपग्रहावरून मोजता येतो. २००५ साली काही शास्त्रज्ञांनी सुमारे सात वर्षांच्या अशा नोंदी पाहून सांगितले होते की, अरबी समुद्राच्या पश्चिम भागात प्लवक वाढत आहेत. डॉ. कोल यांच्या गटाने अधिक वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि त्यांना संगणकावरील गणिताची जोड दिली. उत्तर उलटे आले. साठ वर्षांत पश्चिम हिंदी महासागरात वनस्पतिप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले होते. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. निसर्गाचा कल ओळखायला थोड्या वर्षांचा हिशेब पुरत नाही, हेही त्यातून दिसले.

समुद्राची उष्णता समुद्रातच राहत नाही. चक्रीवादळाला बळ मिळते ते उबदार पाण्याच्या वाफेतून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले. त्याआधी अरबी समुद्र नेहमीपेक्षा अधिक तापलेला होता. ते वादळ घाट चढून पुणे जिल्ह्यात आले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात हिरड्याचे मोठे नुकसान झाले. हिरडा विकून मीठमिरचीचा खर्च भागवणाऱ्या आदिवासी कुटुंबांना भरपाईसाठी कित्येक वर्षे थांबावे लागले.

पावसाचेही असेच आहे. डॉ. कोल यांच्या गटाने २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पावसाला लागणारी बरीचशी वाफ अरबी समुद्रातून येते. अतिवृष्टी काय करू शकते हे आंबेगाव तालुक्याने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे दगावली. एका दुर्घटनेचा सारा दोष समुद्रावर टाकता येत नाही. डोंगराचा उतार, माती आणि माणसाने केलेली खोदाई यांचाही विचार करावा लागतो. पण असा पाऊस वारंवार होऊ लागला, तर डोंगराखालच्या वाड्यांना अगोदर सावध करणे जरुरीचे आहे.

त्यासाठी नोंदी हव्यात. केरळमध्ये मीनाचिल नदीच्या खोऱ्यात शाळेतील मुले आणि गावकरी पाऊस मोजतात. या कामात डॉ. कोल यांचाही सहभाग आहे. हे काम आपल्यालाही जमण्यासारखे आहे. सपाट तळाचे, सरळ बाजूंचे एक भांडे उघड्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, तारखेसह वहीत लिहा आणि भांडे रिकामे करा. पाऊस पडला नाही, तर शून्य लिहा. शाळा सोडताना ही वही पुढच्या वर्गातील मुलांच्या हाती द्या, म्हणजे नोंद तुटणार नाही.