फिरत्या घराला घोडे किती?

'संसाराचा गाडा ओढणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत इतका रुळला आहे, की त्यातील गाड्याचे चित्र आता कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. अमेरिकेत मात्र असे हजारो लोक आहेत, की ज्यांनी आपला संसार खरोखरच गाड्यावर चढविला आहे. त्या गाड्यास तिकडे 'मोटरहोम' म्हणतात. पस्तीस ते पंचेचाळीस फूट लांबीची बस. तिच्या पोटात शयनगृह, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या आणि वीजनिर्मितीचे यंत्र. मोठ्या डिझेल मोटरहोमचे इंजिन बहुधा पाठीमागे असते आणि गावात हिंडण्यासाठी लहानशी मोटार मागे जोडलेली असते. निवृत्त जोडपी अशा घरात बसून हिवाळ्यात दक्षिणेस व उन्हाळ्यात उत्तरेस जातात.

आपणांस या उपद्व्यापाशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. परंतु सीमाभागातील किती तरी घरांतील मुले चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तिकडे गेली. ती आता निवृत्त होऊ लागली आहेत आणि त्यांतील काहींना या फिरत्या घराची ओढ लागली आहे. आमच्या एका ज्येष्ठ आप्तांनी याच प्रश्नावर मजशी दीर्घ पत्रव्यवहार केला. दोन जुन्या गाड्या त्यांच्या मनात भरल्या होत्या. एकीचे इंजिन ३४० अश्वशक्तीचे, दुसरीचे ४५० चे. दुसरी घ्यावी तर निवृत्तीची शिल्लक जवळजवळ संपते. पहिली घ्यावी तर डोंगरात गाडी अडेल आणि दोन वृद्ध जीव रस्त्यावर खोळंबतील, ही धास्ती. मी मराठीचा शिक्षक; यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि या प्रश्नाचा पुष्कळसा भाग शाळकरी गणितानेच सुटतो, आणि तो हिशोब येथे मांडावा असे वाटले.

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. जेम्स वॅट याने घातलेल्या प्रमाणानुसार ३३,००० पौंडांचे ओझे एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. दशमान पद्धतीत ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, असे ढोबळमानाने म्हणता येईल. आता आमच्या आप्तांची गाडी घ्या. घराचे वजन १४ टनांहून थोडे अधिक आणि मागची मोटार पावणेदोन टनांची, म्हणजे एकंदर १६ टन. सपाट रस्त्यावर ही गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने चालविताना टायरांचा रोध व हवेचा अडथळा एवढेच जिंकावयाचे असतात. त्यास इंजिनाकडून सुमारे दीडशे अश्वशक्ती पुरतात. म्हणजे मैदानी प्रदेशात ३४० चे इंजिन निम्म्याहून कमी शक्तीवर सुखाने चालते, आणि ४५० चे तर एक-तृतीयांशावरच.

खरी परीक्षा चढावर होते. तेथील 'इंटरस्टेट' महामार्गांचा डोंगराळ भागातील चढ सहसा शंभर फुटांस सहा फूट एवढा असतो. तुलनेसाठी आपल्या परिचयाचा घाट घेऊ. कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारा लोहमार्ग आणि कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट या दोन्ही ठिकाणी उतार सदतीस फुटांस एक फूट आहे. तेवढ्या चढासाठी आगगाडीस जादा इंजिने जोडावी लागतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. इथे तर सुमारे सतरा फुटांस एक फूट चढ! सोळा टनांच्या गाडीस असा चढ मागे खेचतो तो ९६० किलोग्रॅमच्या जोराने. टायर व हवा यांचा रोध त्यात मिळविला, की ताशी ६० किलोमीटर वेगाला हा जोर साडेअकराशे किलोग्रॅमपर्यंत जातो. त्यावरून हिशोब केला तर चाकांपाशी सुमारे २६० अश्वशक्ती पोहोचावी लागते. गिअरपेटी व आस यांत जाणारी तूट, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या मोठ्या पंख्याची भूक जमेस धरता इंजिनाने ३३५ च्या आसपास शक्ती दिली पाहिजे.

म्हणजेच ३४० चे इंजिन हा चढ ताशी ६० च्या वेगाने चढते. त्याच गाडीला ४५० चे इंजिन असते तर वेग ऐंशीच्या जवळपास गेला असता. बारा किलोमीटरचा चढ असेल तर पहिल्यास बारा मिनिटे लागतील, दुसऱ्यास नऊ. आयुष्याची शिल्लक ज्यापायी संपते ती वाढीव शक्ती अशा एका घाटात तीन मिनिटे वाचविते! आपल्याकडे सोळा टनांचे मालट्रक सुमारे १३० अश्वशक्तीवर वर्षानुवर्षे घाट चढत आले. ते रखडत चढले, पण चढले. तेव्हा 'गाडी अडेल' ही धास्ती, इंजिन निरोगी असेल तर, निराधार म्हणावी लागेल.

मग मोठ्या इंजिनाचा काहीच उपयोग नाही काय? तसे नाही. केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहून निर्णय करणे हे विद्यार्थ्याचे एकूण गुण पाहून त्याची पारख करण्यासारखे आहे. विषयवार गुण पाहावे लागतात. पहिला विषय 'टॉर्क', म्हणजे क्रँकशाफ्टला पीळ देऊन फिरविण्याचा जोर. ४५० अश्वशक्तीचे ८.९ लिटरचे कमिन्स इंजिन १,२५० फूट-पौंड टॉर्क देते, आणि तोही मिनिटाला १,४०० फेऱ्या एवढ्या संथ गतीला. असे इंजिन चढावर वारंवार गिअर न उतरविता गाडी ओढत राहते. लहान इंजिन तेवढेच काम अधिक फेऱ्यांनी, अधिक आवाजाने व अधिक उष्णतेने करते. दुसरा विषय ही उष्णताच. मागे बसविलेल्या इंजिनास समोरचा वारा लाभत नाही. रेडिएटर धुळीने व तेलकट काजळीने चोंदला असेल तर ४५० चे इंजिनही तापते. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिनाच्या आकड्याआधी रेडिएटरची स्थिती पाहावी.

तिसरा विषय उंचीचा. कोलोराडो राज्यात 'इंटरस्टेट ७०' या मार्गावर १९७३ साली खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. तेथे हवेची घनता समुद्रकाठच्या हवेच्या जेमतेम सत्तर टक्के राहते. टर्बोचार्जर असल्याने आधुनिक डिझेल इंजिनाची शक्ती त्या मानाने फारशी घटत नाही. परंतु विरळ हवेत ते थंड ठेवणे कठीण होते. अशा ठिकाणी चालकाने आपणहून खालचा गिअर घ्यावा, उजव्या बाजूच्या संथ मार्गिकेत जावे आणि मागून भरधाव येणाऱ्यांसाठी धोक्याचे दिवे लावावेत. घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ देण्यात कमीपणा नाही.

मात्र चढापेक्षा उताराचा विचार अधिक करावयास हवा, आणि बहुतेक ग्राहक नेमका तोच विसरतात. तोच बारा किलोमीटरचा घाट आता उतरावयाचा आहे. सोळा टनांचे घर ७२० मीटर खाली येणार. टायर व हवा त्यातील सुमारे पाचवा हिस्सा खातात. उरलेली ऊर्जा ब्रेकांनीच शोषावयाची म्हटली तर तेवढ्या उष्णतेने सुमारे अडीचशे लिटर थंड पाण्यास उकळी येईल. ताशी ६० वेगाने उतरताना ब्रेकांना बारा मिनिटे अखंड सुमारे १७० अश्वशक्ती गिळावी लागते. चाकांचे ब्रेक यासाठी नसतात. ते तापतात, त्यांची पकड सुटत जाते आणि शेवटी पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही.

कमिन्स कंपनीचा संस्थापक क्लेसी कमिन्स यास याचा जिवावरचा अनुभव आला होता. १९३१ साली तो डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन अमेरिका आडवी ओलांडत असता कॅलिफोर्नियातील कॅहोन खिंडीत ट्रकचे ब्रेक निकामी झाले, आणि खाली रेल्वे फाटकाशी मालगाडीची धडक थोडक्यात चुकली. ज्या इंजिनाने गाडी वर ओढली त्यानेच ती खाली येताना अडवून धरावी, हा विचार त्याच्या मनात पुढे वर्षानुवर्षे घोळत राहिला. त्यातून त्याने इंजिन-ब्रेक शोधून काढला आणि जेकब्ज कंपनीने तो १९६१ मध्ये बाजारात आणला. यात इंजिन हवा दाबते, पण दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडून दिली जाते. त्यामुळे इंजिन शक्ती देण्याऐवजी शक्ती खाऊ लागते. हाच 'जेक ब्रेक'. लहान इंजिनांवर बहुधा 'एक्झॉस्ट ब्रेक' असतो. तो धुराची वाट आवळून इंजिनास अडवितो. तोही उपयुक्त, परंतु मोठ्या इंजिनाच्या जेक ब्रेकची बरोबरी त्यास सहसा करता येत नाही. माझ्या मते मोठे इंजिन घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे: चढताना वाचणारी तीन मिनिटे नव्हे, उतरताना मिळणारा धीर.

येथे एक आनुषंगिक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. या कमिन्स इंजिनांचे आपल्याशी जुने नाते आहे. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यांच्या घराण्याने १९६२ मध्ये पुण्यास 'किर्लोस्कर कमिन्स' उभी केली. तिकडच्या घाटात एखादे निवृत्त जोडपे ज्या नावावर विसंबून उतरते, ते नाव आपल्याकडील कारखान्याच्या दारावरही झळकले आहे.

राहिला वजनाचा प्रश्न. मी वर केलेला सारा हिशोब सोळा टनांचा आहे. वजन अठरा टन झाले की तो ढासळतो. विक्रेत्याच्या कागदावरील वजन रिकाम्या गाडीचे असू शकते. त्यात पाण्याची टाकी भरली की तीन-चारशे किलो वाढतात. डिझेलच्या टाकीत चारशे लिटर सहज मावते. मग कपडे, पुस्तके, औषधे. आणि आपल्या गृहिणी तांदळाची पोती, डाळींचे डबे, प्रेशर कुकर व मिक्सर घेतल्यावाचून घर लागले असे मानणार नाहीत. यास्तव गाडी पूर्ण भरून, मागची मोटार जोडून, ट्रकांच्या वजनकाट्यावर एकदा तोलून घ्यावी. आस, टायर व जोडगाडीसह एकूण वजन यांच्या मर्यादा कारखान्याने ठरविलेल्या असतात, आणि कितीही अश्वशक्ती असली तरी त्या तसूभरही वाढत नाहीत.

आमच्या आप्तांस मी लिहिले ते असे. तुम्ही हिवाळा टेक्साससारख्या सपाट प्रदेशात काढणार व डोंगरात वर्षातून एखाददा जाणार असाल, भरल्या गाडीचे वजन काट्यावर सोळा टनांच्या आत असेल आणि तिचा एक्झॉस्ट ब्रेक अनुभवी मिस्त्रीकडून तपासून घेतला असेल, तर ३४० चे इंजिन पुरेसे आहे. शिल्लक आजारपणासाठी राखून ठेवावी. प्रतिवर्षी रॉकी पर्वत ओलांडावयाचा असेल किंवा वजन अठरा टनांवर जाणार असेल, तर ४५० चेच घ्यावे, अन्यथा बेत लहान करावा. आणि कोणतेही इंजिन घेतले तरी ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याहून वरच्या गिअरमध्ये तो उतरू नये. पती-पत्नी दोघांनीही हे शिकून घ्यावे, कारण एकाची प्रकृती वाटेत बिघडली तर सुकाणू दुसऱ्याच्याच हाती येणार आहे.

ज्यांचे कोणी तिकडे असा बेत करीत असेल त्यांनी हा हिशोब त्यांच्या कानी घालावा, एवढीच विनंती.