जुन्या पिस्तुलाची नवी प्रतिकृति

जॉन ब्राउनिंग यांनीं योजिलेलें .४५ इंची गोळीचें पिस्तूल अमेरिकन लष्करानें १९११ सालीं स्वीकारलें व १९८५ पर्यंत तें मुख्य पिस्तूल म्हणून वापरांत ठेविलें. दोन्ही महायुद्धें पाहिलेल्या अस्सल पिस्तुलांना आतां संग्राहक भारी किंमत देतात. म्हणून फिलिपाईन्स, तुर्कस्तान व खुद्द अमेरिका येथील कारखाने त्याच्या नव्या प्रतिकृति काढतात. त्यांतून कोणती घ्यावी, हा तिकडील शौकिनांपुढील प्रश्न आहे.

आमच्या मतें प्रथम हेतु निश्चित करावा. केवळ हुबेहूब रूप हवें असल्यास मूळ नमुना व १९२० नंतरच्या दशकांत सुधारलेला 'ए-१' नमुना यांतील भेद ओळखावा. दुसऱ्यांत चाप आंखूड असून चापामागें दोन्ही अंगांस खांचा आहेत. मुठीची पाठही फुगीर आहे. दोहोंची सरमिसळ असलेली प्रतिकृति खरी म्हणतां येणार नाहीं.

परंतु खरा पेंच आंत आहे. जुन्या रचनेंत भरलेलें पिस्तूल तोंडावर आपटल्यास आंतील खीळ स्वतःच्या वेगानें पुढें जाऊन बार उडण्याचा संभव असे. १९८० नंतरच्या दशकांत कोल्ट कंपनीनें, चाप ओढल्यावांचून खीळ सुटूं नये, असा अडसर बसविला. कांहीं कारखाने त्याऐवजीं हलकी खीळ व ताठ स्प्रिंग योजितात. अस्सलपणाचे अभिमानी हा अडसर नको म्हणतात. पिस्तूल नुसतें कपाटांत रिकामें ठेवावयाचें असेल, तर त्यांचा आग्रह चालेल. पण ज्यांत गोळी भरावयाची, तेथें इतिहासनिष्ठेपेक्षां घरच्या माणसांचा जीव मोठा मानावा.