मैदान हललं, रस्त्याचं काय?

सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर झेंडे, टोप्या, खाण्याच्या गाड्या अशी झुंबड असते. स्टेडियमच दुसरीकडे गेलं तर?

पूर्व लंडनचा वेस्ट हॅम हा फुटबॉल क्लब १९०४ पासून अप्टन पार्कला खेळत होता. २०१६ मध्ये तो स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गेला आणि जुन्या मैदानाच्या जागी घरं उभी राहिली.

गर्दीचा पैसा पाटाच्या पाण्यासारखा असतो. वाटेत येतील तेच वाफे भिजतात. पूर्वी प्रेक्षक भुयारी रेल्वेतून उतरून ग्रीन स्ट्रीटवरून चालत जायचे, वाटेतल्या पबमध्ये थांबायचे. स्ट्रॅटफर्डला स्टेशन आणि स्टेडियम यांच्यामध्ये भलामोठा मॉल आहे. पाट तिकडे वळला.

मात्र फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये घरच्या मैदानावर हंगामात फक्त १९ सामने होतात. त्यांच्यावर विसंबलेला पब अडचणीत येतो. ग्रीन स्ट्रीटवरच्याच साड्या-दागिन्यांच्या दुकानांना वेगळं गिऱ्हाईक असतं. सामन्याच्या गर्दीत ते उलट यायचं टाळायचं.

मग नव्या जागी शहराची कमाई वाढते का? फारशी नाही. कुटुंबाचा मौजमजेचा खर्च ठरलेला असतो. तिकिटावर गेलेले पैसे सिनेमा किंवा हॉटेलातून कमी होतात. म्हणून स्टेडियमसाठी सरकारी पैसा मागितला जातो, तेव्हा अनेक अर्थतज्ज्ञ हात आखडता घ्यायला सांगतात.

उलट, जुन्या मैदानावर राहायला आलेली कुटुंबं थोडीथोडकी खरेदी करतात, पण वर्षाचे ३६५ दिवस.