घरांतील अकरा माणसें आणि एक गोळी

2024 सालच्या मार्गशीर्षांत आमच्या आत्याबाईंना चार दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें. वय 84, पण घरांतील प्रत्येकाची जन्मतिथि त्यांना तोंडपाठ. ज्यांच्या घरीं असें वडीलधारें माणूस आहे, त्या वाचकांस आमची फजिती उपयोगीं पडेल, म्हणून ती सांगतों.

एकादशीच्या सकाळीं पूजेचीं फुलें निवडतां निवडतां त्यांच्या नाकांतून रक्त येऊं लागलें. आदल्या रात्रीपासून डोकें मागून ठणकत होतें, डोळ्यांपुढें अंधुक दिसत होतें. परंतु पित्त समजून त्यांनीं सुंठ उगाळून लावली आणि कोणास कांहीं सांगितलें नाहीं. आम्हीही थंड पाण्याची पट्टी ठेवून स्वस्थ बसलों असतों. नातीनें हट्ट धरला म्हणून शेजारचे डॉक्टर आले. यंत्रावर 214 आणि 118 असे आंकडे उमटले. हृदय आकुंचन पावतें तेव्हांचा दाब पहिला, सैल होतें तेव्हांचा दुसरा. निरोगी माणसाचे हे आंकडे 120 व 80 च्या आसपास असतात. पहिला 180 च्या पलीकडे गेला असून डोकें, दृष्टि वा श्वास यांचा त्रासही असेल, तर घरीं वाट पाहत बसूं नये.

रुग्णालयांत गेल्यावर एखाद्या इंजेक्शनानें तासाभरांत दाब 120 वर येईल, अशी आमची समजूत. सायंकाळीं तो 178 वरच रेंगाळलेला पाहून आम्हीं मास्तरी आवाजांत जाब विचारला. तरुण डॉक्टरीणबाई शांतपणें म्हणाल्या, "काका, त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या चढत्या दाबाला सरावल्या आहेत. तो एकदम पाडला तर मेंदूला रक्तच पुरणार नाहीं." आम्ही गप्प बसलों. त्यांनीं हृदयाचा आलेख काढला, डोळ्यांचे पडदे तपासले, रक्त व लघवी तपासली. कारण हा विकार याच ठिकाणीं मुकाट्यानें घर करतो. मूत्रपिंडांवर थोडा परिणाम झालेला आढळला. तो आतां भरून यावयाचा नाहीं.

मग त्यांनीं विचारलें, "रोजची गोळी कोण देतें?" आम्हीं चिरंजीवांकडे पाहिलें, चिरंजीवांनीं थोरल्या सूनबाईंकडे, त्यांनीं धाकट्या जावेकडे. अकरा माणसांच्या घरांत प्रत्येकास वाटत होतें कीं दुसरें कोणी तरी देत असेल! देवघरांतल्या कुंकवाच्या जुन्या डबींत गोळ्यांचा सांठा सांपडला. आत्याबाईंचीं कारणें सरळ होतीं. डोकें दुखत नाहीं, मग गोळी कशाला? शिवाय तिनें घोटे सुजत. उपासाच्या दिवशीं तर ती वर्ज्यच. यांपैकीं घोट्यांची सूज खरी निघाली. त्या गोळीनें ती कित्येकांस येते, आणि डॉक्टरांस वेळीं कळतें तर गोळी बदलतां आली असती. तशी ती आतां बदलली. उपासाचें आम्हांस पूर्वींच सांगतां आलें असतें. व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्रानें सांगितल्या आहेत, त्यांत औषध आहे. पण विचारलें कोणीं? उलट आम्हींच एकदां म्हटलें होतें, "आत्याबाई, तुमची प्रकृति आमच्याहून ठणठणीत, गोळ्या कसल्या घेतां?" तें वाक्य त्या रात्रीं रुग्णालयाच्या बांकावर आम्हांस पुष्कळ वेळां आठवलें.

भेटीस आलेल्या एका गृहस्थांनीं सर्पगंधेचें चूर्ण सुचविलें. या मुळीचा गुण खोटा नव्हे; मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं 1949 सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें तो जगापुढें मांडला. परंतु तिच्या सत्त्वानें मन खिन्न होतें असें पुढें आढळलें, आणि चालू गोळ्यांत ती आपल्या मनानें मिसळणें म्हणजे धाडसच. आम्हीं आभार मानून पुडी परत केली.

मिठाचा हिशेब मात्र घरींच करावयाचा होता. दिवसाकांठीं सर्व मिळून 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आंत. आत्याबाई पानांत मीठ वाढून घेत नसत. पण लोणचें, पापड आणि ताकांतली मिरची रोज असे. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. यावर त्या दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत.

गोळीचें काम थोरल्या सूनबाईंच्या नांवें लावून दिलें आहे. स्वयंपाकघरांत वही टांगली असून शाळेच्या हजेरीपटाप्रमाणें त्या तींत रोज सही करतात. अबोला सुटल्यावर आत्याबाईंचा पहिला हुकूम निघाला, "बाळ, आधीं तुझा दाब मोज." आम्हीं टाळाटाळ करून पाहिली. दोन आठवडे रोज सकाळीं मोजला, तरी तो 150 च्या खालीं येईना. आतां वहींत दोन रकाने आहेत.