साठीनंतर हरणाची शिकार: गोळी सुटते, पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्वेनिया या राज्यांमधलं वातावरण बदलतं. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात भडक केशरी जॅकेट घातलेली माणसं दिसायला लागतात. मिशिगनमध्ये तर १५ नोव्हेंबर ही तारीख एखाद्या सणासारखी पाळली जाते. त्या दिवशी बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम उघडतो.

आपल्याला हे वाचून थोडं विचित्र वाटणारच. कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र लायसन्स काढून, ठरलेल्या दिवसांत आणि ठरवून दिलेल्या संख्येतच हरणं मारायची परवानगी मिळते.

आता त्या केशरी जॅकेटांतले चेहरे नीट बघा. बऱ्याच जणांचे केस पिकलेले असतात. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेली ‘बेबी बूमर’ पिढी तिथल्या शिकारीचा मोठा आधार राहिली आहे. त्यातले अनेक जण आज सत्तरीच्या घरात आहेत. बापाबरोबर बाराव्या-चौदाव्या वर्षी जंगलात गेलेली ही माणसं अजूनही दरवर्षी जातात. पण शरीर तेच राहिलेलं नाही.

मग या वयात नेमकं काय अवघड जातं?

तीन तास पुतळा, मग एकदम पळापळ

हरणं पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतात. त्यामुळे शिकारी अंधार असतानाच जागेवर जाऊन बसतो. बाहेर तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली. हलायचं नाही, बोलायचं नाही. थंडीत शरीरातली उष्णता टिकवण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. वय झालं की शरीराची ही ऊब राखण्याची ताकदही कमी होते.

अशात समोर हरीण येतं. हात थरथरतात, छाती धडधडते. शिकाऱ्यांच्या भाषेत याला ‘बक फीव्हर’ म्हणतात. म्हणजे एक पाऊलही न टाकता हृदयाची धाव सुरू झालेली असते.

हे किती गंभीर असू शकतं, हे मिशिगनमधल्या संशोधकांनी मोजलं होतं. त्यांनी २५ पुरुष शिकाऱ्यांच्या अंगावर हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र लावून त्यांना जंगलात पाठवलं. त्यातल्या १७ जणांना आधीपासून हृदयविकार होता. याच लोकांची दवाखान्यात ट्रेडमिल टेस्टही झाली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की, २५ पैकी १० जणांचे ठोके शिकारीत ट्रेडमिलवरच्या कमाल आकड्याच्याही वर गेले.

याचा अर्थ सरळ आहे. ‘स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली’ म्हणजे जंगलातही सगळं ठीकच राहील, असं गृहीत धरता येत नाही. ट्रेडमिलवर थंडी नसते, अंगावर जाड कपडे नसतात, पायाखाली बर्फ नसतो आणि समोर हरीणही नसतं.

मचाणावरून पडण्याची भीती

अमेरिकेत हरणाची शिकार बऱ्याचदा झाडाला बांधलेल्या मचाणावरून होते. तिथे त्याला ‘ट्री स्टँड’ म्हणतात. जमिनीपासून साधारण १५ ते २० फूट उंच. शिकारीतल्या गंभीर अपघातांत या मचाणावरून पडण्याचा वाटा फार मोठा आहे.

पडायची वेळ कोणती? बहुतेकदा चढता-उतरताना, किंवा शिडीवरून मचाणावर पाय टाकताना. वय वाढलं की मांडीचे स्नायू कमी होतात, तोल सावरायला एखादा क्षण जास्त लागतो. त्यात तीन तास थंडीत बसून गुडघे आखडलेले आणि पाय बधिर झालेले असतात. तरुण माणूस पडला तर हाड जुळून येतं. सत्तरीत खुबा मोडला तर माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालेल याची खात्री नसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच सगळ्या अंगाला घट्ट बसणारा हार्नेस घालतात आणि झाडावर वरपासून खालपर्यंत बांधलेल्या दोरात तो अडकवतात. जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. पण नुसत्या हार्नेसला लटकत राहणंही धोक्याचं आहे. पट्टे आवळल्यामुळे पायांतलं रक्त वर येत नाही आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यासाठी हार्नेसला एक जादा पट्टा असतो. त्यात पाय रोवून शरीराचं वजन पेलायचं आणि रक्त फिरतं ठेवायचं.

डोळे, कान आणि खांदा

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं. दुर्बीण नसलेल्या रायफलीवर नेम धरताना जवळची खाच, नळीच्या टोकावरची खूण आणि लांबचं हरीण या तिन्हींवर नजर ठेवावी लागते. वयस्कर डोळ्यांना हे जमत नाही. शिवाय वयानुसार बाहुली लहान होते, त्यामुळे झुंजूमुंजूला दिसतंही कमी.

वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यात बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो. वर्षानुवर्षं कान न झाकता गोळ्या झाडलेल्या माणसाला पाल्यावरची खसखस ऐकू येत नाही. हरीण मागून आलेलं त्याला कळतच नाही.

धनुष्याने शिकार करणाऱ्यांची अडचण खांद्यात असते. हरणासाठी साधारण ४० ते ६० पौंड, म्हणजे १८ ते २७ किलो ताणाचं धनुष्य वापरतात. चाकं असलेल्या कंपाउंड धनुष्यात दोरी पूर्ण मागे आल्यावर भार खूप कमी होतो. पण तिथपर्यंत ओढायला पूर्ण जोर लागतोच, आणि खांद्याचे झिजलेले स्नायूबंध नेमके तिथेच दगा देतात.

हा प्रश्न फक्त शिकाऱ्याच्या दुखण्याचा नाही. हात हलला, नेम चुकला तर जखमी हरीण पळून जातं आणि कुठेतरी तडफडत मरतं. जबाबदार शिकारी सगळ्यात जास्त घाबरतो ते याला.

हरीण पडल्यावर काय?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. शिकार म्हणजे चाप ओढणं, असं आपल्याला वाटतं. खरं अंगमेहनतीचं काम त्यानंतर असतं. आधी रक्ताचा माग काढत जायचं. मग वाकून, गुडघ्यावर बसून हरणाचं पोट साफ करायचं. एवढं करूनही मोठा नर ६० ते ८० किलोचा भरू शकतो. तो बर्फातून, ओंडक्यांवरून गाडीपर्यंत ओढत न्यायचा. आणि हे सगळं थंडीत, उपाशीपोटी, तीन तास न हलता बसल्यावर!

मग उपाय काय?

अनुभवी शिकारी आपली पद्धत बदलतात. उंच मचाण सोडून जमिनीवरच्या आडोशात खुर्ची टाकून बसतात. रायफलीला दुर्बीण लावतात आणि खांद्याला कमी धक्का देणारी रायफल घेतात. धनुष्य झेपत नसेल तर क्रॉसबो वापरतात. तो यंत्राने ताणून ठेवता येतो. विस्कॉन्सिनमध्ये क्रॉसबो २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, पण ६५ वर्षांवरच्यांना त्याची मुभा आधीपासूनच होती.

हरीण ओढायला चाकांची गाडी किंवा घसरगाडी वापरायची, नाहीतर जागेवरच तुकडे करून थोडं थोडं न्यायचं. गाडीरस्त्यापासून फार लांब जायचं नाही. एकट्याने जायचं नाही. जिथे बसणार ती जागा आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवायची. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर हरीण तिथेच सोडून मदत मागायची.

याची काळजी इतरांनी का करायची?

कारण यात हरणांचाही हिशेब आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम काही लाख उरली होती. आज ती अंदाजे ३ कोटी आहेत. ही वाढ घडवण्यात शिकारीवरच्या कडक नियमांचा वाटा होता, तसाच शिकाऱ्यांच्या पैशांचाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि गोळ्यांवरचा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाला जातो. लायसन्सची फी वेगळी. दुसरीकडे, लांडगे आणि पुमा बऱ्याच भागांतून संपल्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं कामही शिकाऱ्यांवरच आलंय. ही पिढी थांबली आणि मागून तितके तरुण आले नाहीत, तर पैसा आणि नियंत्रण दोन्ही कमी होणार.

शिकार योग्य की अयोग्य, यावर मतभेद असतील. पण शरीराचा नियम सगळीकडे सारखाच. वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी थेट राजगड चढायला निघालेल्या आपल्याकडच्या काकांनाही तो लागू होतो. हंगामाच्या दोन-तीन महिने आधीपासून रोज चालायचं, जिने चढायचे, डॉक्टरांना ‘मी काय करणार आहे’ हे स्पष्ट सांगायचं. आणि निघण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: तिथवर मी पोहोचेन, पण परत येण्याइतकी ताकद शिल्लक असेल का?