बिस्किटी रंगाचा प्लग

संपादकांनी मला औंढ्याला पाठवलं ते लायगोसाठी. इथून जवळच, दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. 2023च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी कळायला हवा. ही सगळी टिपणं काढली, नागनाथाचं दर्शन घेतलं, देवळामागचा नंदी पाहिला. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं आणि नंदी मागं राहिला, असं इथं सांगतात. हिंगोलीची बस यायला अवकाश होता म्हणून गल्लीत शिरलो, तर एका अंगणात गोणपाटावर स्प्लेंडर उघडून ठेवलेली. ती बस मी चुकवली.

गाडी वडलांची. सुट्टीच्या दिवशी ती 'फास्ट' करायचा पोराचा बेत. शेजारी उकिडवे बसलेले गल्लीतले जुने मिस्त्री. त्यांना सगळे मामा म्हणतात.

“पिकअप नाही राहिलं, मामा. बोअर वाढवू का?”

मामांनी उत्तर दिलं नाही. प्लग काढला, उन्हात धरला. काजळी जमून काळाकुट्ट झालेला.

“ताकद वाढवू नंतर. हाय ती कुठं चालली, ते तर बघ.”

या इंजिनाचं कूळ मोठं आहे. होंडाच्या 1958च्या सुपर कबपासून चालत आलेलं हे आडवं इंजिन आपल्याकडं 1985मध्ये सीडी हंड्रेडमधून आलं आणि 1994मध्ये स्प्लेंडरमधून गावोगाव पोचलं. 97.2 सीसी, जेमतेम आठ अश्वशक्ती. दूध, हळदीची पोती, तिघं-चौघं माणसं, सगळं त्या आठांवरच.

पोराच्या प्रश्नाचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर, पिस्टनची चाल 49.5. झिजलेला सिलिंडर खरवडून एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला, तरी इंजिन होतं 101 सीसीचं. म्हणजे लेथवाल्याचे पैसे, नवा पिस्टन, रिंगा, गाडी चार दिवस उघडी, आणि हाती चार सीसीसुद्धा पुरते नाहीत. झीज भरून काढायला बोअर करणं योग्यच. पण त्याच्या जोरावर गाडी पळवायचं स्वप्न म्हणजे अंगरख्याला कापड जोडून उंची वाढवण्यासारखं.

हे वेड येतं कुठून, तर यामाहा आरएक्स हंड्रेडपासून, असा माझा कयास. 98 सीसी आणि 11 अश्वशक्ती. तिचं इंजिन दोन स्ट्रोकचं. वायू आत-बाहेर जातात ते सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांमधून. कानस घेऊन त्या खिडक्या बरोबर जागी उंचावल्या की गाडीचा स्वभावच बदले. ती गाडी 1996मध्ये बंद झाली, पण कानशीची ती कीर्ती मागं राहिली. स्प्लेंडरला खिडक्या नाहीत, व्हॉल्व्ह आहेत. तिथं कानस चालवायला जागाच फारशी नाही.

मामांचं काम पाहताना मला वेळेचं भान राहिलं नाही. त्यांनी एअर फिल्टर झटकला, मूठभर काळी माती पडली. टॅपेटमध्ये फीलर गेजची पाती घातली. ती अडकायलाही नको, सैलही नको, मधली ती नेमकी घासण बोटांनीच कळते. मागचं चाक हातानं फिरवलं, ते अर्ध्या फेऱ्यात थांबलं. ब्रेक धरून राहत होता. आठातला एखादा घोडा तर तिथंच खर्ची पडत असणार. मग क्लच. इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढं सरत नाही, यालाच पोरं ‘पिकअप गेलं’ म्हणतात. खरी घसरत असते क्लचप्लेट. शेवटी कार्बोरेटर. एअर स्क्रू पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, आणि कान इंजिनाकडं.

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. प्लग पुन्हा काढला. काजळी बरीच जळून गेलेली, कडेनं बिस्किटी रंग दिसायला लागलेला. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, इंजिन तापून पिस्टन धरणार. काळा पडला तर पेट्रोल फुकट. बिस्किटी म्हणजे बरोबर.

पोराचं समाधान झालं नव्हतं. त्यानं चेनच्या चक्रांचा विषय काढला. समजा पुढं 14 दाते आणि मागं 42. मागं 45 लावले तर गाडी चढाला चांगली उचलते, पण त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं. ताकद तेवढीच, नुसती वाटणी बदलते. हे त्याला पटलं. फिल्टर काढून टाकू, हे मात्र मामांनी ऐकून घेतलं नाही. इथल्या धुळीत उघडा कार्बोरेटर म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर.

अडचणी याच्या पुढंच आहेत, आणि मला काळजी वाटते ती त्यांची. ऐंशीवरून शंभरचा वेग गाठायचा तर नुसत्या वाऱ्याशी झुंजायलाच जवळपास दुप्पट ताकद लागते. आठ घोड्यांत ती नाही. आणि कुणी ती आणलीच, तर साठऐवजी नव्वदनं जाणाऱ्या गाडीला थांबायला सव्वादोन पट अंतर हवं, आणि ब्रेक तेच, 130 मिलिमीटरचे ड्रम. सायलेन्सरची जाळी काढून आवाज वाढतो, वेग वाढल्याचा भास होतो. खालच्या वेगाला ओढ कमीच होते. कायदाही आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. जमिनीची बारीकशी थरथरही नको म्हणणारं यंत्र ज्या परिसरात यायचं, तिथल्या गल्लीत फाटक्या सायलेन्सरची गाडी ऐकताना मला हसूही आलं.

निघताना एक नवी गाडी आली, 2020च्या एप्रिलनंतरची, बीएस सिक्स. तक्रार तीच, पिकअप. मामा वाकले. कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन, पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवणार. पिळायला स्क्रूच नाही. त्यांचा पेचकस हातात तसाच राहिला. मग तो बाजूला ठेवून त्यांनी पाना मागितला, प्लग काढला आणि उजेडात धरला.