चप्पल का निसटते?

चपलांसाठी नावाजलेल्या कोल्हापुरातही एखादे पोर चालताना चप्पल सारखी निसटते म्हणून बोलणी खाते. ‘पाय उचलून चाल की!’ पण त्याची पावले सैल पडत असतील, तळव्याची कमान उंच होत असेल आणि आई किंवा वडिलांची चालही तशीच असेल, तर हा आळस नव्हे. शार्को, मारी आणि टूथ यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेला मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार असू शकतो.

त्याच्या एका प्रकाराचे मूळ २००४ मध्ये सापडले : मायटोफ्युजिन-२ या प्रथिनाच्या जनुकातील दोष. शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका शेंगेसारखी, एका जागी बसलेली दिसते. (चित्राचा तो नाइलाजच.) प्रत्यक्षात तंतुकणिका एकमेकींत मिसळतात, तुटतात, पेशीभर फिरतात. मिसळण्याचे काम हे प्रथिन करते. तुटायचे कुठे, हे बरेचदा शेजारची आंतर्द्रव्यजालिका ठरवते; तिचा विळखा पडतो तिथे तुकडा होतो. कण्यापासून पावलापर्यंतचा मज्जातंतू जवळजवळ मीटरभर लांब. मिसळणे आणि वाहतूक बिघडली की टोकाला ऊर्जा कमी पडते, म्हणून पाऊल आधी लुळे होते.

आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. व्यायाम आणि पावलाला आधार देणारी पट्टी यांनी चाल सुधारते. मात्र निदान कागदावर हवेच, कारण कर्करोगावरचे विनक्रिस्टीन अशा रुग्णांचे मज्जातंतू आणखी बिघडवू शकते.

चाळिशीनंतर चप्पल निसटली आणि कळलेही नाही, तर आधी रक्तातली साखर तपासावी.